मुका मार म्हणून सोडलेलं मनगट

“गुरुजी, हे हाड मोडलंय. आणि आज नाही, साडेतीन आठवड्यांपूर्वीच मोडलंय.”

हाताच्या सर्जन असलेल्या डॉक्टर मॅडमनी पेनाचं टोक कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठेवलं. माझ्या उजव्या मनगटाचा सीटी स्कॅन होता. मनगटात आठ छोटी हाडं असतात म्हणे. त्यातलं अंगठ्याच्या बुंध्याजवळचं एक, काजूएवढं आणि काजूच्याच आकाराचं. त्याचं नाव स्कॅफॉइड. त्याच्या बरोबर मधून एक काळी रेघ गेली होती.

मी त्या रेघेकडे बघत राहिलो आणि तोंडातून निघालं, “पण तो तर मुका मार होता!”

“असं कोणी सांगितलं?” मॅडमनी विचारलं.

खरं उत्तर द्यायचं तर सगळ्यांनीच सांगितलं होतं, आणि सगळ्यात ठासून मी स्वतःच.

मी नाशिकला पौरोहित्य करतो. पंचवटीत घर आहे. गोदाकाठी येणाऱ्या यजमानांची कामं असतात, शिवाय शहरात वास्तुशांत, सत्यनारायण, मुंजी. वय सत्तेचाळीस. चार वर्षांपूर्वी वजन कमी करायला सायकल घेतली आणि तिचंच वेड लागलं. धोतरातला माणूस आठवड्यातून दोनदा हेल्मेट घालून बाहेर पडतो, याची आमच्या गल्लीला अजून गंमत वाटते. मनगट दुखत असताना घरी शेक घेत बसलेला कुणीतरी हे वाचेल आणि उठून डॉक्टरांकडे जाईल, म्हणून लिहितोय. माझी फजिती जगजाहीर होईल, ते चालेल.

थंडीचे दिवस होते. मी आणि संपतराव अंजनेरीच्या पायथ्याच्या पायवाटेवर सायकली घेऊन गेलो होतो. संपतरावांची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे, आणि सायकलच्या नादानेच आमची ओळख झाली. एका उतारावर सुटा मुरूम होता. मी घाबरून पुढचा ब्रेक जोरात दाबला. सायकल तिथेच थांबली, मी पुढे गेलो. पडताना माणूस आपसूक हात पुढे करतो, तसा मी केला. सगळं वजन उजव्या तळव्यावर आलं.

गुडघा सोलवटला होता, कोपरातून रक्त येत होतं. मनगटावर मात्र साधा ओरखडा नव्हता. संपतरावांनी बाटलीतलं पाणी ओतून जखमा धुतल्या, माझी बोटं हलवून बघितली आणि म्हणाले, “काय नाय गुरुजी, मुका मार हाय. लय तर चार दिवस दुखंल.”

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मुका मार म्हणजे आत लागलंय, पण मोडलं नाही. हा शब्द ऐकला की आपण निर्धास्त होतो.

तरी बायकोने, वृंदाने, त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्सरे झाला. डॉक्टर म्हणाले, “फ्रॅक्चर दिसत नाही. पट्टा बांधून ठेवा, आणि दहा दिवसांनी दुखत असेल तर परत या. पुन्हा एक्सरे काढू.”

माझ्या कानांनी यातलं पहिलं वाक्य घेतलं, तेही अर्धवट. ‘फ्रॅक्चर दिसत नाही’ याचं मी ‘फ्रॅक्चर नाही’ करून टाकलं. मी वीस वर्षं मुलांना वेदपाठाची संथा देतोय. एक अक्षर गाळलं तरी थांबवतो, परत म्हणायला लावतो. आणि डॉक्टरांचा एक अख्खा शब्द मीच गाळला. त्या बिचाऱ्यांचा यात काडीचाही दोष नाही.

पुढचे तीन आठवडे माझ्या मनगटावर आंबेहळद आणि रक्त्याबोळाचा लेप होता. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, भेटेल तो नवा उपाय सांगायचा. पट्टा मी आठव्या दिवशी काढला, कारण पूजेला बसताना तो बरा दिसत नव्हता. रोज सकाळी संध्येला बसलो की आचमनाच्या वेळी कळ यायची. आचमनाला उजव्या हाताची मधली तीन बोटं जुळवून तळव्याला गाईच्या कानासारखा खोलगट आकार द्यायचा असतो. त्या खळग्यात उडदाचा एक दाणा बुडेल एवढंच पाणी घ्यायचं आणि अंगठ्याच्या बुंध्याकडून प्यायचं. नेमकं तिथेच दुखायचं. मी पाणी कमी घ्यायला लागलो, पण डॉक्टरांकडे गेलो नाही.

मग एका वास्तुशांतीत माझ्या हातातून भरलेला तांब्या सुटला आणि यजमानांच्या पायावर पडला. घरी आल्यावर वृंदा म्हणाली, “अहो, आज तांब्या पडला. उद्या होमाच्या वेळी तुपाची वाटी पडली म्हणजे जाणार आहात का?”

अशी माझी वरात हॅन्ड सर्जनकडे पोहोचली. मॅडमनी तपासणीत फारसं काही केलं नाही. मला अंगठा वर ताणायला सांगितला. तो ताणला की बुंध्याशी एक छोटा खळगा पडतो. त्यांनी त्यात बोट दाबलं आणि मी खुर्चीतून उठलो. “याला ॲनाटॉमिकल स्नफबॉक्स म्हणतात,” त्या म्हणाल्या, “म्हणजे तपकिरीची डबी. पूर्वी लोक तपकीर इथे ठेवून ओढायचे. या खळग्यात दुखलं की एक्सरे काहीही म्हणो, स्कॅफॉइड मोडलंय असंच आम्ही धरून चालतो.”

वृंदाने माझ्याकडे बघितलं. माझ्या कनवटीला तपकिरीची खरी डबी होती.

“ओढता?” मॅडमनी विचारलं.

“थोडी.”

“आजपासून बंद. तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड सांधत नाही. या हाडाला आधीच रक्त कमी येतं, आणि येतं तेही बोटांकडून मागे. ते मधून मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो, आणि उशीर झाला तर मरतो. त्याला ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, म्हणजे रक्त न मिळाल्याने हाड मरणं. मग मनगट हळूहळू ताठ होत जातं.”

अशी फ्रॅक्चर्स पहिल्या एक्सरेत पुष्कळदा दिसतच नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. दहाबारा दिवसांनी कडा थोड्या झिजतात, मग रेघ उमटते. परत बोलावतात ते एवढ्यासाठी. मग सीटी स्कॅन झाला आणि सुरुवातीला सांगितलेली ती काळी रेघ दिसली.

मी विचारलं, “मॅडम, माझा अंगठा हलेल ना? माझं सगळं काम उजव्या हाताचं आहे. पितरांना पाणी सोडतात तेही अंगठा आणि तर्जनीच्या मधून.”

त्यांनी मला हात कसा धरतो ते करून दाखवायला लावलं. मी गाईचा कान करून दाखवला, तोही अर्धामुर्धाच झाला. त्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. “हा आकार मला परत आणायचाय,” त्या म्हणाल्या. “पण हाडाचे तुकडे सरकलेत. स्क्रू घालावा लागेल. आणि नक्की सांधेल असं मी आज सांगू शकत नाही.”

घरी येताना रिक्षात मी अंगठा पुन्हा पुन्हा हलवून बघत होतो. आमच्या घरात भावंडांपैकी हे काम मी एकट्यानेच घेतलं. दुसरं काही मला येत नाही. यायला हवं होतं असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

ऑपरेशनला खांद्याजवळ इंजेक्शन देऊन नुसता हात बधिर करतात. त्याला ब्लॉक म्हणतात. आपण जागे असतो, पण हात आपला राहत नाही. आत नेण्याआधी सिस्टरनी जानवं काढायला सांगितलं. माझा चेहरा पडला असावा. त्यांनी मॅडमना विचारलं, मग ते डावीकडे सारून छातीवर चिकटपट्टीने नीट चिकटवून टाकलं. त्या सिस्टर कुठल्या, मला माहीत नाही. त्यांचं नावही विचारायचं राहिलं, याची चुटपुट अजून आहे. पाऊण तासात बिनडोक्याचा एक बारीक स्क्रू त्या काजूत जाऊन बसला. तो आता कायमचा आत आहे.

दुसऱ्या दिवशी संपतराव आले. तोडणीचा हंगाम तोंडावर असताना बाग सोडून आले होते. द्राक्षांची पेटी खाली ठेवली आणि स्टुलावर बसले. पेटीकडे बघतच म्हणाले, “गुरुजी, माझ्या तोंडातून मुका मार निघालं अन् तुम्ही बसून राहिले. मी डॉक्टर हाय का? उगाच बोललो.”

हा तगडा माणूस डोळे पुसत होता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही धीर द्यायला बोललात, मी आळस करायला ऐकलं. ते म्हणाले, “तरी बी.” आणि पेटी उघडून एकेक मणी निवडून मला द्यायला लागले, हात मोडल्यावर खाताही येत नाही अशा थाटात. अशी माणसं आपल्याला कशी लाभतात, कोण जाणे.

सहा आठवडे प्लास्टर. बोटं मोकळी, पण अंगठा टोकापर्यंत बंद. धोतर वृंदा नेसवायची. पहिल्या दिवशी निऱ्या अशा झाल्या की आम्ही दोघं हसत खाली बसलो. यजमानांची कामं माझा चुलतभाऊ बघायचा. आचमन होत नव्हतं. पाणी घेता येत नसेल तर नुसता उजव्या कानाला हात लावायचा, अशी अडचणीतल्या माणसासाठी शास्त्रात सोय आहे. ती मी इतकी वर्षं फक्त शिकवली होती. आता रोज बोटांची टोकं कानाला लावायचो. काही दिवस फार वाईट गेले. चिडचिड वृंदावर निघायची. तपकिरीच्या आठवणीनेही निघायची. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि डबी कुठे लपवली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून निघालेला हात माझा वाटेना. बारीक, पांढरट आणि ताठ. इथे बरेचजण कच खातात. मनगट हलत नाही म्हणून घाबरू नका, ते हलवायचं काम तिथून सुरू होतं. फिजिओथेरपीच्या ताईंना मॅडमनी माझ्या हाताचा तो फोटो पाठवला होता. त्यांनी मला घरून पळी आणि उडीद आणायला सांगितले. आधी गरम पाण्यात मनगट, मग व्यायाम, मग शेवटी तळव्यात एक पळी पाणी. पहिल्या दिवशी सगळं पाणी सांडलं. दुसऱ्या दिवशीही. ताई म्हणायच्या, “गुरुजी, दाणा बुडायला हवा, फरशी नाही.” अकराव्या दिवशी दाणा भिजला. विसाव्या दिवशी बुडाला. त्या दिवशी मी त्या खोलीत, तेलाच्या आणि स्प्रेच्या वासात, चारचौघांसमोर रडलो.

तीन महिन्यांनी पुन्हा सीटी स्कॅन केला. बाहेर बाकावर बसलो होतो, वृंदाने माझं डावं मनगट घट्ट धरलं होतं. मॅडम दारात आल्या आणि म्हणाल्या, “युनियन झालंय.” म्हणजे हाड सांधलं. मागचा तुकडा जगला. मनगट मागे पूर्वीइतकं वळत नाही, आणि पूर्णपणे कधी वळणारही नाही. त्यांनी ते स्पष्ट सांगितलं. मला चालतंय. सायकलही परत सुरू झाली आहे, फक्त उतारावर संपतराव पुढे असतात आणि मागे वळून ओरडतात, “हळू, गुरुजी!”

कामावर परतलो त्यानंतर काही दिवसांनी लासलगावकडून एक कुटुंब दहाव्याला आलं. आजी गेल्या होत्या. आजोबांना मुलाने धरून आणून पाटावर बसवलं. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाबांचा उजवा हात चालत नाही, लकवा मारलाय. मी करतो सगळं, ते नुसते बसतील.”

पूर्वी मी मान हलवून कामाला लागलो असतो. गर्दी असते, पुढचे लोक थांबलेले असतात. डावा हात पुढे करणाऱ्या माणसाला मी ‘उजवा, उजवा’ म्हणून कितीदा झिडकारलंय, त्याची मोजदाद नाही. आजोबा आपल्या मांडीवर पडलेल्या हाताकडे बघत होते. मी त्यांच्याशेजारी खाली बसलो. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, “मला द्यायचं व्हतं पानी तिला.”

मी माझा उजवा हात उताणा केला आणि त्यांचा हात त्यावर ठेवला. जड होता. डाव्या हाताने त्यांचा आखडलेला अंगठा हळूच बाजूला केला. मुलाने पाणी ओतलं, त्यात तीळ होते. पाणी त्यांच्या तळव्यात थांबलं आणि अंगठ्याशेजारून खाली ताम्हणात गेलं. आजोबांचे ओठ हलले, आजींचं नाव असावं.

त्यांच्या हाताचा सगळा भार माझ्या मनगटावर होता. दुखत नव्हतं. मॅडम, सिस्टर, ताई, संपतराव, वृंदा, सगळ्यांची मला त्या क्षणी आठवण झाली. मुलगा तांब्या घेऊन थांबला होता.

“अजून दोन वेळा,” मी म्हटलं. “सावकाश ओत. हात मी धरलाय.”