पासवर्ड बदलायचा अधिकार काकांना दिला त्याची गोष्ट

थळजवळच्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणारी मी एकटी, आणि सुट्टी म्हटली की लोक पासवर्ड विसरणार. गणपतीत माणगावला आईकडे गेले तरी एका हाताला मोदकाची उकड आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला. यंदा ठरवलं, एक गणपती तरी माणसासारखा करायचा.

म्हणून पासवर्ड बदलून द्यायचा अधिकार टाइम ऑफिसात हजेरी बघणाऱ्या काकांना द्यायचा बेत केला, तोही फक्त कामगारांच्या खात्यांपुरता. मॅनेजर साहेब म्हणाले, "कुणाला वगळू नका हो, माणसं रुसतात. माझंही खातं द्या, तुमचंही द्या." साहेबच म्हणतायत तर मी कशाला डोकं लावू? दिलं.

चतुर्थीला ऐन आरतीत साहेबांचा फोन. "अहो, माझं खातं उघडत नाही! मुंबईला रिपोर्ट पाठवायचाय." मी चडफडत लॅपटॉप घेतला, तर माझंही उघडेना! काकांना फोन लावला, ते पालीला भावाकडे होते.

"व्हय, म्याच बदललं," काका शांतपणे म्हणाले. "सुट्टीवर जानाऱ्या सगळ्यांचं. घर बंद करून जाताना कुलूप नको?"

"अहो काका, मग नवीन पासवर्ड सांगा ना!"

"आता न्हाय. देवासमोर बसलोय, हापिसाचं तोंडात न्हाय घ्यायचं. बाप्पा गेला की देतो." आणि फोन बंद. परत लावला, तरी बंद.

साहेबांना सांगितलं. ते आशेनं म्हणाले, "दीड दिवसाचाच असेल ना त्यांचा?"

"नाही हो, गौरीबरोबर जातो."

"म्हणजे आपण काहीच करू शकत नाही?"

"काहीच नाही," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला भलताच खूश वाटला. "तुमच्याकडे गणपती आहे ना साहेब? मग आरती करा."

थोड्या वेळाने साहेबांनीच कंपनीच्या ग्रुपवर टाकलं, गौरी जाईपर्यंत कुणालाच पासवर्ड बदलून मिळणार नाही, कुणी फोन करू नये. मी पानावर बसले. वरण-भात झाला, मोदक झाले, दुसऱ्यांदा मोदक झाले. फोन गप्प. इतका आनंद झाला होता म्हणून सांगू, उठावंसंच वाटेना.

आई तूप वाढता वाढता थांबली. एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग शेजारी टेकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "खरं सांग गो, नोकरी गेली ना तुझी?"