जवळची गाडी आधी

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरला, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होतो. फोनवर त्याची बायको सुनंदा होती. "दादा, काट्यावरच गेले," एवढंच म्हणाली. मिलिंद माझा मावसभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क. वडील नोकरीत असताना वारले म्हणून त्यांच्या जागेवर तो विसाव्या वर्षी लागला आणि त्याच केबिनमध्ये, खिडकीशी बसलेला असताना, सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. काट्यावर उसाची ट्रॉली उभी होती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, मग खाली उतरून आत डोकावला... याला आता सहा आठवडे झाले.

ती केबिन म्हणजे पत्र्याची लहानशी खोली. एक टेबल, एक खिडकी, खिडकीबाहेर काटा. हंगाम सुरू झाला की गाड्यांची रांग पार ओढ्यापर्यंत जायची आणि बदली माणूस आल्याशिवाय त्याला उठता यायचं नाही. रांजणगावला कंपन्या आल्या त्या काळात शिरूरला माझ्या शेजारी एक इंजिनिअर भाड्यानं राहत. बदली होऊन जाताना त्यांनी रिमोटवर चालणारी एक मोटार माझ्याकडे टाकली. खेळण्यातली नव्हे, शर्यतीची; दोन वीत लांब, बॅटरीवर पळणारी आणि मोडलेली. मी ती मिलिंदला दिली. पंधरा दिवसांत त्यानं ती दुरुस्त करून कारखान्याच्या आवारात पळवली. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "भाऊसाहेब, हिचं बी वजन करा की." मिलिंदनं खरंच ती काट्यावर ठेवली. काट्यानं शून्य दाखवलं. "बघा," तो म्हणाला, "म्हणून तर पळती. तुमची बसलीय ऊस घिऊन."

पुण्यात एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये अशा गाड्यांच्या शर्यती होतात हे त्याला कळलं, आणि मग कुणाकुणाच्या हातापाया पडून, पाळ्या बदलून, तो महिन्यातून एखादा रविवार मोकळा करू लागला. या गाड्यांचा जीव चेसिसमध्ये. मोटर, बॅटरी, चाकं, सगळं ज्या सपाट पट्टीवर बसतं ती पट्टी. परदेशातल्या कंपन्या दरवर्षी नवी चेसिस काढत आणि जुनी गाडी एका दिवसात म्हातारी होई. नवी घेणं मिलिंदच्या आवाक्यातलं नव्हतं. मी रद्दीच्या दुकानांतून इंग्रजी मासिकं आणून त्याला मजकूर वाचून दाखवायचो, आणि तो फोटोवर फूटपट्टी ठेवून बसायचा. चाकाचं खरं माप त्याला पाठ. फोटोतलं चाक मोजायचं, त्यावरून प्रमाण काढायचं आणि अख्खी चेसिस आलेख कागदावर उतरवायची. मग विजेच्या पॅनेलला लावतात तो फायबरचा पत्रा आणून हॅक्सॉ ब्लेडनं कापायचा, कानशीनं घासायचा. चार-पाच महिने जायचे. तोवर मासिकात पुढची आलेली असे. "दादा, ह्यांनी बॅटरी परत सरकावली," असं एकदा तो फोटो बघत म्हणाला. मग फूटपट्टी बाजूला ठेवली. "त्यांचं पुढं पुढं चाललंय. मी आपला हितंच."

तिथल्या शर्यतीची एक रीत होती. खेळाडू उंच मचाणावर उभे राहून रिमोट चालवत. गाडी उलटली तरी त्यांनी खाली यायचं नाही. म्हणून प्रत्येक वळणावर एक माणूस उभा असे, त्याला मार्शल म्हणत. ज्यांची शर्यत झाली त्यांनी पुढच्या शर्यतीला मार्शल व्हायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मिलिंदनं मला बाजूला घेऊन नियम सांगितला. "जवळची गाडी आधी. कुणाची हाय ते बघायचं न्हाई. उचलायची, सरळ करायची, मागं व्हायचं." मला तो नियम फार आवडला. आमच्या वस्तीतल्या कुणाला काही मिळालं की 'हे आपल्याच माणसाला पुढं करतात' हे वाक्य कुठून तरी यायचंच. लहानपणापासून ते ऐकून मला त्याची धास्तीच बसली होती. ग्रंथालयातसुद्धा नात्यातल्या विद्यार्थ्याला मी एक पुस्तक कमीच द्यायचो.

मग ती संधी आली. पुण्यातल्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांनी एका कंपनीच्या नव्या चेसिसची एजन्सी घेतली होती. दुकानामागे वर्कशॉप काढायचं होतं. वर्कशॉप सांभाळायला माणूस हवा होता आणि वर राहायला एक खोली होती. दोन माणसं त्यांच्या मनात होती; एक मिलिंद, दुसरा चिंचवडचा एक टर्नर. काका स्पष्ट बोलायचे. "हात तुमचे दोघांचेही चांगले. पण गिऱ्हाईक जिंकणाऱ्याचं ऐकतं. हंगामातली शेवटची शर्यत आहे, तुमच्यातला जो पुढे येईल त्याचं पक्कं." मिलिंदनं केबिनमध्ये बसून त्या शर्यतीसाठी जी चेसिस कापली ती कुठल्याच फोटोवरून नव्हती. ती त्याची स्वतःची होती.

त्या रविवारी मार्शल कमी पडले म्हणून मला तिसऱ्या वळणावर उभं केलं. "हा मिलिंदचा भाऊ," कुणीतरी ओळख करून दिली. "मग काय, मिलिंदची गाडी उलटली तरी धावतच राहील," दुसरा म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले. मीही हसलो. शर्यत सुरू झाली. मिलिंद पहिला, टर्नर त्याच्या मागोमाग. संपायला दीड-दोन फेऱ्या उरल्या असताना माझ्याच वळणावर टर्नरची गाडी मिलिंदच्या गाडीला घासली आणि दोन्ही उलटल्या. मिलिंदची माझ्यापासून दोन पावलांवर. टर्नरची पलीकडे, कडेला लावलेल्या पाइपला लागून, पाच पावलं तरी असेल. मी मिलिंदच्या गाडीवरून उडी टाकून पलीकडे गेलो. टर्नरची गाडी आधी सरळ केली. मग मागे वळलो... तीन-चार सेकंदांचा खेळ. मिलिंद दुसरा आला.

परतीच्या दौंड पॅसेंजरमध्ये लोणी येईपर्यंत तो मोटारीची चाकं पुसत होता. मग तोच म्हणाला, "मचाणावरून ती बाजू नीट दिसत न्हाई. त्याची जवळ होती ना?" मी "हो" म्हणालो. "मग बरोबर केलंस," तो म्हणाला आणि मोटारीचा डबा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिला. त्या एका 'हो'मधून मला नंतर कधी बाहेर पडता आलं नाही. पुढच्या वर्षी शर्यतीत फक्त कंपन्यांच्याच चेसिस चालतील असा नियम आला आणि मिलिंदचं पुण्याला जाणं थांबलं. हंगामामागून हंगाम तो त्या खिडकीशी बसला. त्याहून वाईट म्हणजे तो ती गोष्ट अभिमानानं सांगायचा. पाहुण्यांत, कारखान्यात, माझ्या समोर, "आमच्या दादासारखा सरळ माणूस न्हाई. भावाची गाडी पडली तरी नियम सोडला न्हाई." प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगावं. प्रत्येक वेळी त्याच्या तोंडावरचा तो आनंद बघून मी चहाचा कप उचलायचो. तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही कुणीतरी तीच गोष्ट सांगितली आणि मला बोलायला उभं केलं. मी हात जोडले आणि खाली बसलो.

गेल्या आठवड्यात सुनंदा आणि मी त्याचं सामान आणायला केबिनवर गेलो. डबा, स्वेटर, चष्म्याचं घर. टेबलावर जाड काच होती आणि काचेखाली मासिकांतून कापलेले चेसिसचे फोटो, दरवर्षीचा एक, ओळीनं. शर्यती सुटून इतकी वर्षं झाली तरी या वर्षीचासुद्धा होता. ते तरी घेऊन जाऊ म्हणून मी काचेची कड उचलून बघितली. दमट हवेनं कागद काचेला चिकटून बसले होते. नखानं एक कोपरा सोडवताना, खाली बघतच, मी सुनंदाला सगळं सांगितलं. दोन पावलं, पाच पावलं, आणि पॅसेंजरमधलं 'हो'.

ती खिडकीकडे वळली. "त्या वर्कशॉपवरची खोली आम्ही आधीच बघून आलो होतो," ती म्हणाली. "तुम्हाला बोलले नसतील. पदरानं माप घेतलं होतं मी, खिडकीच्या पडद्यासाठी..." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "मला कशाला सांगितलं, दादा? त्यांना सांगायचं होतं."

मी पुन्हा कागदाच्या कोपऱ्याला नख लावलं. नवा क्लार्क दारात उभा होता. "साहेब, काच राहू द्या. कारखान्याची हाय. आन् ते कागद आता निघायचे न्हाईत, फाटतील. मी बी वढून बघितलेत." बाहेर ट्रॉली काट्यावर चढली तशी केबिन थोडी हलली. तो आमच्यामधून वाट काढत खुर्चीत बसला, फोटोंच्या वर पावती ठेवली आणि आकडा लिहू लागला.