कारण नऊ : इतर

“या महिन्यात किती गेली?” मिस गोहनं विचारलं.

“तीन.”

“आणि परत किती आली?”

“दोन.”

मिस गोहनं पेनाला टोपण लावलं. तिनं टोपण लावलं की समजायचं, आता लिहून घेण्यासारखं काही उरलेलं नाही. सिंगापूरमधल्या एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरची ती बायर. स्वयंपाकघराच्या मजल्यावर कुठली वस्तू मांडायची आणि कुठली उचलायची, हे तिच्या हातात. मी एका स्विस कंपनीची इथली प्रॉडक्ट मॅनेजर. आम्ही किसण्या, चाकू, लिंबू पिळायची यंत्रं असलं सगळं विकतो. प्रश्न मात्र एकाच वस्तूचा होता. राक्लेट मशीनचा.

“शेल्फवर आणि स्टोअररूममध्ये मिळून चोवीस आहेत,” ती म्हणाली. “ऑगस्टअखेर ती गेली नाहीत तर डीलिस्ट करते. सॉरी हं.”

डीलिस्ट म्हणजे दुकानाच्या यादीतून नाव काढून टाकणं. एकदा नाव गेलं की परत यायला वर्षं जातात. मला काळजी होती, पण मशीनची नव्हे. त्या मशीनशेजारी मिसेस लिम उभ्या असायच्या, त्यांची होती.

मिसेस लिम आमच्या प्रमोटर. दुकानात कंपनीच्या वतीनं उभं राहून वस्तू दाखवायची, विकायची आणि परत आली तर घ्यायची, हे प्रमोटरचं काम. वय एकसष्ट. नऊ वर्षं त्या तिथे उभ्या होत्या. हेडऑफिसनं प्रमोटरची परवानगी दिली होती ती फक्त राक्लेटसाठी. चाकू आणि किसण्या आपल्या आपण विकल्या जातात, असं तिकडचं ठाम मत. म्हणजे मशीन गेलं की मिसेस लिमही गेल्या. “घरी बसले तर सुनेशी भांडणं होतील,” असं त्या हसत म्हणायच्या, पण पगाराची त्यांना खरोखर गरज होती, हे मला ठाऊक होतं.

आता हे राक्लेट म्हणजे काय ते सांगते. चीजचा एक प्रकार, आणि ते खाण्याची पद्धतही. टेबलाच्या मधोमध विजेचं मशीन ठेवायचं. खालच्या कप्प्यात तळहाताएवढे आठ छोटे तवे सरकवायचे, प्रत्येकात चीजचा एक काप. चीज वितळलं की उकडलेल्या बटाट्यावर ओतायचं. मशीनच्या डोक्यावर एक मोठा सपाट तवा असतो. प्रत्येकानं आपापलं वितळवून घ्यायचं आणि दोन तास गप्पा मारायच्या. हे मुळात थंडीतलं जेवण. सिंगापुरात थंडी फक्त दोन ठिकाणी पडते, सिनेमा थिएटरात आणि आमच्या मीटिंगरूममध्ये.

माझा साहेब उर्स. उंच, गोरापान, अत्यंत सज्जन माणूस. नऊची मीटिंग असली की आठ अठ्ठावन्नला खुर्चीत. जेवायला ठीक बाराला उठणार, पावणेएकला परत. सात वर्षांत हे वेळापत्रक चुकलेलं मी पाहिलं नाही. मिस गोहचा निरोप ऐकून तो अजिबात घाबरला नाही.

“आपण आपल्या माणसांकडे जाऊ,” तो म्हणाला.

आपली माणसं म्हणजे इथली स्विस मंडळी. बँकांत, औषधांच्या कंपन्यांत, घड्याळांच्या धंद्यात ती भरपूर आहेत. बुकित तिमाहच्या बाजूला त्यांची कितीतरी कुटुंबं राहतात. एक ऑगस्टला त्यांचा राष्ट्रीय दिन असतो. हिरवळीवर कागदी कंदील टांगतात, लाल-पांढरे झेंडे लावतात, आणि घामानं निथळत एकमेकांना आल्प्सच्या गोष्टी सांगतात. उर्सनं तिथे आमचा स्टॉल लावला. दोन मशिन्स, बटाट्यांचं पातेलं आणि गरम चहा.

“बर्फाचं पाणीही ठेवू या का?” मी विचारलं. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि माझा कुर्ता पाठीला चिकटला होता.

उर्सचे डोळेच मोठे झाले. “चीजवर गार पाणी? पोटात चीजचा दगड होतो! चहाच प्यायचा.”

त्यांच्याकडे हे लहानपणापासून शिकवतात म्हणे. घरी सेंगकांगला आल्यावर मी सासूबाईंना हसतहसत हे सांगितलं. त्या तेव्हा पुण्याहून आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या मुळीच हसल्या नाहीत. “बरोबरच आहे. तेलकट-तुपकट खाऊन वर गार पाणी पितात का कधी? शहाणा दिसतो तुझा साहेब.”

स्टॉलवर स्विस मंडळी तुटून पडली. पोटभर खाल्लं, मशीनचं तोंडभरून कौतुक केलं. बटाटा सालीसकट हवा की सोलून, यावर दोन बँकर हमरीतुमरीवर आले. विकलं गेलं नाही एकही. मी एका बाईंना न राहवून विचारलं, “तुम्ही घेणार का एक?”

“माझ्याकडे दोन आहेत,” त्या प्रेमानं म्हणाल्या. “एक तुला देऊ?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. स्विस माणूस सिंगापूरला येताना सगळं घर कंटेनरमधून आणतो, त्यात हे मशीन असतंच. परत जाताना ते कम्युनिटीच्या ग्रुपवर फुकट देऊन टाकतो. म्हणजे बाजारात आमची स्पर्धा आमच्याच मशीनशी होती, आणि तेही फुकटातल्या.

सोमवारी उर्स म्हणाला, “लोकांना फारच आवडलं.”

“पण विकलं नाही ना.”

“रस दाखवला.”

मी हात टेकले.

त्याच आठवड्यात मिसेस लिम ट्रॉली ओढत ऑफिसला आल्या. परत आलेली ती दोन मशिन्स घेऊन. उर्सनं बॅटरीच्या उजेडात दोन्ही तपासली, वाकून वास घेतला आणि नाक मुरडलं.

“मासे! वरच्या तव्यावर यांनी मासे भाजले आहेत. गैरवापर. दुरुस्ती नाही, बदलूनही नाही. नकाराचं पत्र पाठवा.”

इथे आमच्या धंद्यातली एक गंमत सांगायला हवी. वस्तू परत आली की प्रमोटरनं एक फॉर्म भरायचा. त्यात परतीची नऊ कारणं छापलेली असतात, त्यांना आम्ही रीझन कोड म्हणतो. एक म्हणजे चालू होत नाही, दोन म्हणजे तुटलेलं आलं, असं करत शेवटचं नऊ म्हणजे इतर. हेडऑफिसच्या कॉम्प्युटरला पहिली आठ कारणं समजतात. नऊ आलं की तो ते आपोआप “ग्राहकाकडून गैरवापर” या खात्यात ढकलतो. इतरच्या पुढे एक रेघ असते, तिथे लिहायची सोय आहे. ते लिहिलेलं कॉम्प्युटरमध्ये जात नाही.

नकाराचं पत्र टाइप करायला मी फॉर्म उघडला. दोन्ही फॉर्मवर खूण नऊवर. आणि पुढच्या रेघेवर, रेघ संपल्यावर समासात, समास संपल्यावर कागदाच्या मागे, मिसेस लिमचं बारीक अक्षर.

पहिल्यावर होतं : मिस्टर तान, सेंगकांग. दर रविवारी वापरतात. छोटे तवे आठच, घरात माणसं अकरा. मोठं मशीन बदलून हवं, नाहीतर आणखी तवे विकत हवेत.

दुसऱ्यावर : बाई कोळंबी भाजतात, सासू शाकाहारी आहे. सासूसाठी वरची प्लेट वेगळी हवी. मिळत असेल तर लगेच घेतील.

मी कपाट उघडून मागचे फॉर्म काढले. दोन वर्षांचे. जवळजवळ सगळे नऊ, आणि प्रत्येकावर तेच बारीक अक्षर. त्या सगळ्या फॉर्मांच्या खाली सही माझी होती. एकही मी वाचला नव्हता. मला खरंच लाज वाटली. उर्सला हसणं सोपं होतं. सह्या तर मीच ठोकत होते.

“मिसेस लिम, तुम्ही हे सांगितलं का नाही?”

“आय्या मॅम, आय राइट एव्हरी टाइम, व्हॉट,” त्या इथल्या खास सिंगापुरी इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या. “नोबडी रीड, लाह.”

मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन उर्सच्या टेबलाशी गेले. इथल्या कुटुंबांना टेबलाभोवती बसून आपापलं शिजवून खायची जुनी सवय आहे. मधे उकळत्या सुपाचं भांडं ठेवून त्यात मासे-भाज्या बुडवायच्या, त्याला स्टीमबोट म्हणतात, ते घरोघरी चालतं. आमचं मशीन त्यांना तसंच वाटतं. तेव्हा येत्या शनिवारी दुकानात मिसेस लिमना हवं ते भाजू द्या, असं मी म्हटलं.

उर्सनं दोन फॉर्म वाचले, सावकाश. “इंटरेस्टिंग,” तो म्हणाला. “पण राक्लेट म्हणजे चीज आणि बटाटा. शनिवारी मी स्वतः करून दाखवतो.”

शनिवारी साडेदहाला उर्स पांढरा एप्रन बांधून उभा. चीज वितळायला लागलं. ज्याला या वासाची सवय आहे त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. ज्याला नाही, तो बुटांकडे बघतो. लोक आमच्या टेबलाला वळसा घालून पलीकडच्या राइस कुकरकडे जायला लागले. अकराच्या सुमारास मजल्याचा मॅनेजर आला आणि ड्रेनेजचं काही काम काढलंय का, म्हणून हळूच विचारून गेला. गरम चहाचा थर्मास तसाच भरलेला. मिसेस लिमकडे बघवत नव्हतं.

बारा वाजले. उर्सनं एप्रनची घडी केली. “पावणेएकला येतो.”

तो लिफ्टमध्ये शिरला. लिफ्टचं दार बंद झालं आणि मिसेस लिमनी टेबलाखालून एक आइसबॉक्स ओढली. कोळंबी, टोफू, लावीची अंडी, केळीच्या पानातलं मसालेदार माशाचं ओटाह आणि घरचं सांबल, म्हणजे तिखटजाळ मिरचीची चटणी. शिवाय लिंबाचं सरबत, बर्फ घालून.

“मिसेस लिम!” मी म्हटलं.

“मॅम, यू ऑल्सो गो लंच, कॅन?” त्या म्हणाल्या.

मी गेले नाही. मी बटाटे सोलायला बसले.

वरच्या तव्यावर कोळंबी चुरचुरायला लागली. खालच्या छोट्या तव्यांत त्यांनी एकेक अंडं फोडलं, वर थोडंसं चीज, वर सांबलचा ठिपका. पाच मिनिटांत माणसं थांबली. दहा मिनिटांत रांग लागली. सिंगापूरमध्ये रांग लागली की पुढे काय आहे हे न विचारता माणसं मागे उभी राहतात. ती सरकत सरकत राइस कुकरपर्यंत गेली. मुलं आपापले तवे स्वतः सरकवत होती, आज्या कोळंबी उलटत होत्या. खोकी खाली उतरू लागली.

बरोबर पावणेएकला लिफ्टचं दार उघडलं. मी पाहिलं आणि माझ्या हातातली साल तशीच राहिली.

उर्सनं टेबलाकडे बघितलं. मग रांगेकडे. रांग मोडून पुढे येणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो शांतपणे चालत शेवटाला गेला आणि आपल्याच स्टॉलच्या रांगेत उभा राहिला. वीस मिनिटं. पुढची एक आंटी त्याला हातवारे करून समजावून सांगत होती. वर कोळंबी, खाली अंडं, सोपं आहे, तुम्हाला पण जमेल. तो मान डोलवत होता. मधेच त्यानं खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहून घेतलं.

त्याचा नंबर आला. मिसेस लिमनी त्याच्याकडे डोळे वर करून पाहिलं. नऊ वर्षांची नोकरी त्या बशीत होती, आणि तरी त्यांनी सांबल जरा जास्तच घातलं. उर्सनं अंडं खाल्लं. लाल झाला. कपाळावरून घाम ओघळला. त्यांनी सरबताचा ग्लास पुढे केला, आत बर्फ खुळखुळत होता.

त्यानं ग्लासाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग एका दमात प्यायला.

त्यानंतर बराच वेळ तो पोटावर हात ठेवून बाजूला उभा होता. काही झालं नाही. मग त्यानं एप्रनची घडी मोडली, तो पुन्हा बांधला आणि मिसेस लिमना विचारलं, “मी काय चिरू?”

त्या दिवशी नऊ मशिन्स गेली. उरलेले शनिवारही मिसेस लिमचे. मिस्टर तान आपल्या साडूला घेऊन आले, साडूनं एक घेतलं. महिनाअखेर मिस गोह आली तेव्हा शेल्फवर एकच शिल्लक होतं, तेही वापरून वापरून काळं पडलेलं.

“हे एक राहिलं,” मी घाबरत म्हटलं.

“हा डिस्प्ले पीस. तो मोजत नाही मी,” ती म्हणाली आणि तिनं पेनाचं टोपण काढलं. “पुढच्या महिन्यात किती पाठवताय?”

उर्सनं हेडऑफिसला अकरा पानी अहवाल पाठवला. सुटे तवे आणि वेगळी प्लेट आता स्वतंत्र विकायला येतात. आमच्याकडे एकदा जेवायला आला तेव्हा सासूबाईंनी त्याच्यापुढे कोमट पाणी ठेवलं. त्यानं ते निमूट प्यायलं, आणि दोघांनी मिळून माझ्याकडे बघून मान हलवली.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. विक्रीचा तक्ता उघडायच्या आधी परतीचे फॉर्म वाचते, आणि सही त्यानंतर करते. वीस वर्षं या धंद्यात काढून मी हे शिकले, तेही ज्यांच्या हाताखाली शिकायला हवं होतं त्यांच्याच फॉर्मवर सह्या करून.

राहता राहिली मिसेस लिमची नोकरी. प्रमोटर पुढे चालू ठेवायची तर त्यासाठीही हेडऑफिसचा एक फॉर्म असतो, त्यातही कारणं छापलेली. उर्सनं सगळी वाचली आणि शेवटच्या चौकोनात खूण केली. इतर. पुढच्या रेघेवर त्यानं आपल्या टापटीप अक्षरात लिहिलं, “आमचे ग्राहक काय म्हणतात, हे कंपनीत फक्त यांना माहीत आहे.”

मंजुरी दोन दिवसांत आली. तिकडे अजूनही इतरच्या पुढचं कोणी वाचत नाही, म्हणूनच आली असावी.