कप्तानाचं प्रेत

उरणच्या वजनकाट्यावर तो पावत्या फाडायला बसतो. मी ट्रेलर काट्यावर चढवला की आधी वाद, मग पावती. अंतराळातल्या राक्षसाच्या त्या सिनेमांचं आम्हा दोघांनाही वेड. दुसऱ्या भागाच्या शेवटी कप्तान यानाबाहेर फेकला जातो, तो मेला की नाही, यावर आमची वर्षभर जुंपलेली. मी म्हणायचो, मेला. तो पेन कानावर खोचून सावकाश म्हणायचा, "प्रेत दाखवलं काय? न्हाय ना? मग तो हाय, दादा." मागचे ट्रकवाले हॉर्न मारून दमायचे, याला फिकीर नसायची.

त्याचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी होडीवरून समुद्रात पडला आणि सापडलाच नाही, हे मला ठाऊक होतं. पण मी मूर्ख, वाद जिंकण्यातच रमलेलो.

गेल्या आठवड्यात तो डोकं भादरून बसला होता. मी विचारण्याआधीच म्हणाला, "आईनं हट्ट धरला. दर्भाचा पुतळा केला, त्यालाच अग्नी दिला."

 मी म्हणालो, "कप्तान जिवंत असेल रे. प्रेत कुठं दाखवलंय?"

त्याने पावती फाडून माझ्या हातात दिली.

"मेला तो, दादा. गाडी काढ, मागं लाईन हाय."