वास सुटला त्या दुपारचा पिक्चर

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मूळचे साताऱ्याकडचे, जन्म गेला बाजारात गोणी वाहण्यात. आता तळोजात आमच्यासोबत राहतात आणि दुपारभर डीव्हीडीवर तलवारबाजीचे चिनी पिक्चर बघतात. जुन्या राजांचा काळ, मठातले साधू, छपरांवरून उड्या आणि सगळे हिंदीत बोलणारे. हे सगळं मोबाईलवर दिसतं, असं नवऱ्याने कितीदा सांगितलं. पण मामांना तबकडीच हवी.

"ह्यात बंदूक न्हाई," ते मला एकदा म्हणाले होते. "मारणारा म्होरं येतो, हात जोडतो, मग मारतो. गावाकडं आमी लाठी शिकलो ती अशीच."

त्या दुपारी मी भांडी घासत होते आणि खिडकीतून वास आला. कारखान्यांचा वास आमच्याकडे रोजचाच, पण हा थेट घशात शिरला. डोळे चुरचुरायला लागले. खाली कुत्रं एकसारखं खोकत होतं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: गॅस गळती झालीय, खिडक्या बंद करा, बाहेर पडू नका. पुढच्या मेसेजमध्ये जागा कळली. नवऱ्याच्या कारखान्याला लागूनच.

मी फोन लावला. नुसता वाजत राहिला. कामावर जाताना कामगारांचे फोन गेटवर काढून घेतात, हे मला ठाऊक होतं, तरी लावतच राहिले. मग ओढणी तोंडाला बांधली आणि चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"गेटवर जाऊन बघते, मामा."

"असल्या वाऱ्यात? बस खाली."

मी कडीला हात घातला तसे ते दाराला पाठ लावून उभे राहिले. "त्यो यील. तू पण गेलीस तर मी दोघांची वाट बघायची व्हय?"

इतक्या चढ्या आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मी चपला काढल्या. आम्ही खिडक्या लावून पडदे ओढले आणि टॉवेल भिजवून दाराच्या, खिडक्यांच्या फटींत कोंबले. घरात अंधारल्यासारखं झालं. बाहेर अधूनमधून कारखान्यांचे भोंगे वाजत होते. आणि मामांनी टीव्ही लावून तबकडी घातली.

"आत्ता पिक्चर?" मला संतापच आला.

"मग काय, भोंगं ऐकत बसू?"

मठाच्या दारात एक म्हातारा साधू एकटाच बसलेला. समोरून फौज येत होती. घोड्यांच्या टापा वाढत गेल्या. फौज दारापाशी पोचली आणि पिक्चर अडकला. तलवार हवेतच थांबली, आवाज बंद. त्या शांततेत रस्त्यावरून एकामागून एक ॲम्ब्युलन्स गेल्या.

मामांनी तबकडी काढली, बनियनला पुसली. ती परत आत बसवताना दोनदा सटकली. मी उठून ती घातली.

"ह्यो वाचतो," ते पडद्याकडे बघत म्हणाले.

"कशावरून?"

"कितींदा बघितलाय. दरवेळी वाचतोच. म्हणून तर घरात ठेवलाय."

मग त्यांनी पडद्यावरची नजर काढली आणि दाराकडे बघत बसले. साधू वाचला. आम्ही दोघांनीही ते नीट पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने अनोळखी नंबरवरून फोन आला. नवरा होता. "बरा आहे मी. आम्हाला लांब मोकळ्या मैदानात आणलंय." मागे कोणीतरी ओकत असल्याचा आवाज येत होता. मी मामांकडे फोन दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि कट होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

संध्याकाळी नवरा घरी आला. डोळे लालबुंद, आवाज बसलेला. शेजारच्या कारखान्यातल्या माणसांचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही. मामांनी स्वतः बादली भरली. "आधी आंघोळ कर," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याची पहिली पाळी होती. तो निघाला. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी मी उघड्या दारात उभी होते, हवेचा वास घेत.