तिसरा प्लग

आमच्या जुन्या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. सीट मागं उचलायची, खालचं पत्र्याचं झाकण काढायचं, की प्लग दिसतात. तीन. दोन हाताला लागतात. तिसरा पार मागं, सायलेन्सरच्या पाइपाला खेटून. माझा पंजा तिथवर जातच नाही.

गाडी चालता चालता अडखळून मिसिंग मारायला लागली तेव्हा प्लग घरीच बदलायचं मी ठरवलं. दुपारी वालूरला बायकोच्या भावाकडं जेवायला जायचं होतं. मी नुकताच बाजारातून गाडी घेऊन आलो होतो. इंजिन थंड होऊ द्यावं लागतं, हे मला माहीत होतं. थांबलो नाही.

दोन प्लग बदलले. तिसरा पान्यानं सैल केला, पण बोटांत येईना. म्हणून बायकोला हाक मारली. तिचा हात बारीक. पदराला हात पुसत ती आली, आत वाकून पाहिलं आणि उजव्या हातातल्या बांगड्या उतरवायला लागली.

ओट्यावर माझी आई बसली होती. "बांगड्या कशाला काढायलीस? नवरा समोर धडधाकट उभा हाय ना?"

"आत अडकतील, आत्याबाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. काढ, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "राहू दे गं. मिनिटाचं काम हाय."

तिनं हात घातला. "सापडला," म्हणाली. हात मागं घेताना बांगड्या पाइपामागच्या लोखंडी पट्टीत अडकल्या आणि मनगट गरम पाइपाला टेकलं. हात निघेना. ती ओरडलीसुद्धा नाही. मीच कोपर धरून ओढलं, तेव्हा काच फुटली आणि हात सुटला.

"वाढल्या बांगड्या," आई म्हणाली आणि आत गेली.

वालूरला जाणं राहिलं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊच आला. हाताची पट्टी बघून त्यानं विचारलं. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "तव्याला लागलं. हिचं लक्ष कुठं असतंय."

तो हसला. "लहानपणापास्नं धांदरटच हाय ही. तुमी हाव म्हणून निभायलंय, दाजी."

ती डाव्या हातानं कप उचलून आत गेली.

त्या मनगटाला आता बांगडी सोसत नाही. हळदीकुंकवाला बायका तिच्या मोकळ्या हाताकडं बघतात. आई तर मरेपर्यंत त्यावरून टोमणे मारत राहिली आणि मी शेजारी बसून ऐकत राहिलो.

गेल्या महिन्यात पुन्हा प्लग बदलले. या खेपेला गाडी रात्रभर उभी ठेवली. प्लग आपल्या तोंडात धरून बाहेर काढणारा लांब पाना सेलूच्या बाजारात मिळतो, तो आणला. तेव्हाही मिळत होता. तिसरा प्लग सहज निघाला. त्या पट्टीमागं तेलात माखलेला हिरव्या काचेचा तुकडा दिसला.

तो तिला नेऊन दिला. तिनं तळव्यावर उलटा-पालटा करून पाहिला आणि परत माझ्याच हातात ठेवला.

"दादा रविवारी यायलाय. त्याला दाखवा."

रविवारी तो आला. जेवायला बसलो. वाढताना तिच्या हातून वरणाची पळी निसटली.

"बघा दाजी," तो म्हणाला, "अजून तशीच हाय."

तुकडा माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. ती खाली वाकून फरशी पुसत होती. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही.

मी भात मागून घेतला.