एकाच शिडाचं जहाज

अकोल्याच्या जुन्या शहरातून दर्यापूरला मी सत्तावीस वर्षं अप-डाऊन केलं. सकाळची बस, ती चुकली तर जीप, आणि जीपमध्ये चौघांच्या बाकावर सहावी म्हणून बसायचं. दर्यापूरच्या शाळेत मी भूगोल शिकवत होते. नावात दर्या असला तरी या गावात काळी माती, कपाशी आणि सोयाबीनच. दर्या तिथून इतका लांब की गावात कुणी तो पाहिला नसेल तर नवल नाही. नवल हे, की भूगोलाच्या मॅडमनीही तो पाहिला नव्हता.

आणि पाहिला असल्याचं मी वर्गात सांगत होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी खारे वारे आणि मतलई वारे शिकवत होते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. फळ्यावर बाण काढत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, मॅडम, तुमी समुद्र पाह्यला का? नवी नोकरी, नवी साडी, मी 'हो' म्हणून मोकळी झाले. पुढच्या वर्षी त्या 'हो'ला एक मोठं, शिडांचं लाकडी जहाज जोडलं. मग जहाजावर एक रात्र आली, रात्रीत एक तांडेल (नावेचा मुख्य) आला, आणि अखेर भर वादळात सुकाणू माझ्याच हातात आलं. वर्ग असा चिडीचूप बसायचा की मलाच ते खरं वाटू लागलं होतं.

फेब्रुवारीअखेर मी निवृत्त होणार होते. पेन्शनची कागदपत्रं जमवताना एकाएकी मनात आलं, की हे खोटं आपण घरी घेऊन जायचं का? मी ठरवलं, न्यायचं नाही. एक तर ते खरं करायचं, नाहीतर कबूल करायचं. ही गोष्ट एकट्या माझ्या नवऱ्याला, अविनाशला, ठाऊक होती. तो वकील. त्यानंच मोबाईलवर जाहिरात शोधून काढली: नवशिक्यांसाठी कोकणात, पारंपरिक लाकडी जहाजावर एक रात्र. फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "चाल, तुह्या खोट्याले जामीन मिळवून देऊ."

जाण्याआधी एक अर्ज भरायचा होता. अविनाशनं त्यातली बारीक अक्षरं तासभर वाचली आणि दोन कलमांवर स्वतःशीच हरकत घेतली. 'समुद्राचा पूर्वानुभव' या रकान्यापाशी पेन थांबवून त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सत्तावीस वर्षाचा लिहू का?"

मी त्याच्या हातून पेन काढून घेतलं आणि 'नाही' असं लिहिलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. सोबत ज्वारीच्या भाकरी, ठेचा, एक डबा बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या आणि पाण्याची पाच लिटरची कॅन. खारपाणपट्ट्यातली माणसं (पूर्णेकाठच्या या पट्ट्यात विहिरीला पाणी लागतं, पण खारट, पिववत नाही) कुठंही निघाली तरी आधी गोड्या पाण्याची सोय करतात. रात्रीची रेल्वे झाली, मग एसटी, मग एक रिक्षा. एसटी घाट उतरली तेव्हा नारळांच्या मधून समुद्र दिसला म्हणे. म्हणे अशासाठी, की मी झोपले होते. अविनाशनं मला हलवून उठवलं आणि "गेला समुद्र," असं एसटी चुकल्यासारखं सांगितलं. मी त्याच्याशी दोन गावं बोलले नाही.

धक्क्यावर पोचलो तर ओहोटी. आयुष्यातलं समुद्राचं पहिलं दर्शन म्हणून माझ्यासमोर गुडघाभर चिखल पसरला होता आणि त्यात खेकडे पळत होते. पलीकडे खाडीच्या पाण्यात आमचं जहाज उभं होतं. काळपट लाकडाचं, पोटाला तेल चोपडलेलं, माझ्या अंदाजापेक्षा खूपच लहान. त्याला शीड एकच होतं. अविनाश माझ्याकडे बघून नुसताच खाकरला.

तांडेलाचं नाव महादेव. पासष्टीचा, वाळलेल्या खारकेसारखा माणूस. त्यानं पहिल्याच वाक्यात माझी चूक दुरुस्त केली: हे जहाज नव्हे, मचवा. मग कुठून आलात विचारलं. मी दर्यापूर म्हणताच त्याचा चेहरा उजळला.

"म्हंजे दर्यावरचीच मानसं तुमी," तो म्हणाला.

तिथं दर्या नाही, नुसती कपाशी आहे, हे त्याला पटवायला थोडा वेळ लागला. मग गावाचं असं नाव का ठेवलं, हा त्याचा प्रश्न मात्र रास्त होता. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि 'नाही माहीत' असं मी सरळ सांगितलं. हे शब्द माझ्या तोंडाला नवे होते.

आमच्याबरोबर पुण्याचं एक जोडपं होतं, दोघंही इंजिनियर, नम्र आणि पांढरेशुभ्र बूट घातलेलं. भरती चढल्यावर मचवा धक्क्याला लागला आणि चढायला एक फळी टाकली. त्यावर मी अर्ध्यात थिजले. खाली हिरवं पाणी, वर खलाशाचा हात, मधे मी. पुण्याच्या बाईंनी काय झालं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, विचार करून राहिली. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "कुठे राहिलात?" मला हसू फुटलं, आणि हसण्याच्या भरात फळी पार झाली. खारोड्यांचा डबा तेवढा पाण्यात पडता पडता खलाशानं झेलला.

चहा झाल्यावर मी कुणाचं लक्ष नाही असं पाहून वाकले, बोट पाण्यात बुडवलं आणि चाटलं. खारट तर होतंच, पण कडूही. आमच्या हापशीच्या पाण्याचा थोरला भाऊ म्हणावा असं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समुद्राविषयीची एक गोष्ट मला पुस्तकाबाहेर कळली होती, आणि मला उगाच फार आनंद झाला.

दिवस कलताना ओहोटीच्या पाण्याबरोबर मचवा खाडीच्या मुखाबाहेर आला. आता समुद्र म्हणजे खरोखरच समुद्र दिसला. तो निळा नव्हता. मी वर्गाला नेहमी निळा सांगत आले होते. तो करडा होता, मग सूर्य खाली गेला तसा तांबूस, मग शिशासारखा. खलाशांनी शीड वर चढवलं आणि ते ओल्या चादरीसारखं लोंबत राहिलं. वारा पडला होता.

इथं माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी सगळ्यांना समजावून सांगितलं, की सूर्यास्तानंतर जमीन लवकर थंड होते, त्यामुळे आता जमिनीकडून मतलई वारा सुटेल. अविनाशच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाणसुद्धा काढून दाखवले. पुण्याच्या इंजिनियरांनी मोबाईल पाहून नऊ वाजता वारा येईल असं सांगितलं, म्हणजे ते माझ्याच बाजूचे. महादेव तांडेल सुकाणूपाशी बसून विडी ओढत ऐकत होता.

"बाई," तो म्हणाला, "त्यो काय शाळंच्या घंटेवर येतो काय?"

सगळे हसले, मीही हसले, पण मला लागलं. तांडेलानं नांगर टाकायला सांगितलं. त्याच्या म्हणण्यानं मतलई यायला पहाट उजाडावी लागते. इंजिन होतं, पण ते अडीअडचणीला. वारा नसणं ही त्याच्या लेखी अडचण नव्हती.

जेवायला बांगड्याचं कालवण आणि भात. आम्ही धरणाचा मासा खाणारे, त्यामुळे या माशाचे काटे आम्हाला अनोळखी. बदल्यात ठेचा पुढं केला. तांडेलानं तो भाजी समजून घासभर घेतला, डोळे पुसले आणि पुन्हा मागितला. खारोड्या खलाशांनी फस्त केल्या. नऊ वाजले, वारा आला नाही, आणि पुण्याचा मोबाईल व वऱ्हाडचं पुस्तक दोन्ही एकदमच खोटी ठरली. मग नांगरावर डुलणाऱ्या मचव्यानं मला हळूहळू धडा शिकवायला घेतला. मी कठड्यावर ओणवी झाले आणि बांगडा परत केला. अविनाश माझी पाठ चोळत होता. माझ्या वर्गातल्या गोष्टीत मी वादळातही ताठ उभी असायचे. इथं पाणी पाटासारखं सपाट होतं आणि माझी ही दशा.

आंबट चेहऱ्यानं सुकाणूपाशी जाऊन बसले, तर तांडेलानं लिंबाची फोड दिली. का कोण जाणे, त्याला मी सगळं सांगून टाकलं. वर्ग, खोटं, वादळ, सगळं. तो रागावला नाही की हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, की वादळात तुम्ही शीड उतरवायला सांगितलं होतं का? मी म्हटलं, नाही, ते मला सुचलं नाही. "मंग बुडाला असता तुमी," तो म्हणाला, आणि मला झोपायला पाठवलं.

पहाटे त्यानंच हाक मारली. पूर्वेला जेमतेम फटफटलं होतं. मी शाल गुंडाळून बाहेर आले आणि आधी काहीच कळलं नाही. मग कानामागं गार वाटलं. मग वास आला. वाळल्या गवताचा, ओल्या मातीचा, कुणाच्यातरी चुलीच्या धुराचा. वारा जमिनीवरून येत होता.

खलाशांनी नांगर ओढून घेतला आणि शीड चढवलं. या वेळी ते लोंबलं नाही. एकदा फडफडलं, भरलं, आणि मचवा आवाज न करता चालायला लागला. तांडेलानं मला जवळ बोलावून सुकाणूचा दांडा हातात दिला आणि आपला हात वर तसाच ठेवला.

"ह्यो मतलई," तो म्हणाला. "उगवतीचा वारा. तुमच्याकडनंच येतो."

भूगोल सांगतो, मतलई वारा फार तर किनाऱ्यालगतच्या जमिनीवरून येतो. तो सह्याद्री ओलांडत नाही, मग वऱ्हाडातून कुठला येणार? हे मला पाठ आहे. पण त्या घडीला मी पुस्तक बाजूला ठेवलं. सत्तावीस वर्षं मी ज्या वाऱ्याचा बाण खडूनं काढत आले, त्याला वास असतो हे मला माहीत नव्हतं. मला रडू आलं. अविनाशनं पलीकडून आपला रुमाल पुढं केला.

दुपारी खारा वारा सुटला आणि आम्हाला सरळ खाडीत घेऊन आला. तो मात्र पुस्तकाप्रमाणं वेळेवर आला, याची मी तांडेलाला आठवण करून दिली. उतरताना मी फळीवर थांबले नाही. तांडेलानं उरलेल्या ठेच्याची बाटली ठेवून घेतली आणि मी समुद्राच्या पाण्याची एक बाटली भरून घेतली.

परतीच्या प्रवासात मनात एकच घोळत होतं. खोटं आता खरं झालं होतं. समुद्र पाहिला, लाकडी मचवा झाला, रात्र झाली, सुकाणूही झालं. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. अविनाशला विचारलं, तर तो म्हणाला, "जामीन मिळाला म्हंजे सुटका नाई झाली." हा मनुष्य घरीही बरोबर असतो, हा त्याचा मोठा दोष आहे.

फेब्रुवारीत माझा शेवटचा तास सातवीवर होता. बाटली टेबलावर ठेवली आणि मुलांना सांगितलं, की जहाजाची जी गोष्ट मी तुम्हाला दिवाळीआधी सांगितली ती खोटी होती. मी तेव्हा समुद्र पाहिलेलाच नव्हता. आता पाहून आले.

दुसऱ्या बाकावरची समीक्षा उभी राहिली. तिची आईही याच शाळेत माझ्या हाताखालून गेलेली.

"मॅडम, आमाले मालूम व्हतं."

मी विचारलं, कसं काय?

"माह्या मम्मीले तुमी सांगतलं व्हतं का जहाजाले दोन शिडं व्हते. आमाले तीन सांगतले. आमी घरी जुळवून पाह्यलं."

"मंग मले कोनी विचारलं काहून नाई?" माझ्या तोंडून घरचीच भाषा निघाली.

समीक्षानं खांदे उडवले. "मम्मी म्हने, नोको विचारू. आयकाले चांगलं वाटते."

म्हणजे सत्तावीस वर्षं मी जे जपलं ते या गावानंही माझ्यासाठी जपलं होतं, आणि मला पत्ताच नव्हता. बाटली तोवर तिसऱ्या बाकापर्यंत पोचली होती. बोटं बुडवून मुलं चाखत होती, तोंडं वाकडी करत होती, आणि आपल्या हापशीपेक्षा जरासंच जास्त खारं असल्याचा निकाल देत होती. समीक्षा मात्र अजून उभीच होती.

"मॅडम, आता खरं सांगा," ती म्हणाली. "शिडं किती व्हते?"

"एकच," मी म्हटलं. आणि वर्ग गोष्ट ऐकायला चिडीचूप बसला.